दाराशी एकच राखणदार पुरे



गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला. "आपा, कॉम्प्युटरने जीव सोडलाय बघा. दुकानदार म्हणतो नवा घ्या, हप्त्याने देतो. हप्ता म्हणजे व्याज आलंच, त्याला मन होत नाही. पण पोरीच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म अडकलाय आणि उद्या शेवटची तारीख आहे."

मग़रिबनंतर मी त्यांच्याकडे गेले. ब्राउझर उघडायलाच दीड मिनिट लागले. भाचीने फॉर्म पूर्ण भरला होता, पण फी भरण्याचे बटण दाबले की काहीच घडत नव्हते. पोरगी रडवेली झाली होती.

पत्त्याच्या रकान्याशेजारी चिन्हांची ही लांब रांग होती. पूर्वी ब्राउझरच्या डोक्यावर टूलबारच्या पट्ट्या चढत, आता त्यांच्या जागी ही छोटी एक्स्टेन्शन आली आहेत. मोजली तर अकरा भरली. नमाज़च्या वेळा सांगणारे एक वहिनीने घातलेले. उर्दू टायपिंगचे भावाने. पीडीएफची दोन भाचीने. खरेदीत सवलत शोधणारे कोणी घातले ते कोणालाच आठवेना. आणि जाहिराती व पॉप-अप अडवणारी तब्बल तीन.

"तीन कशाला गं?" मी विचारले.

"फुफी, पहिल्यातून काही जाहिराती सुटायच्या, म्हणून दुसरं घातलं. मग धाकट्यासमोर कोपऱ्यात घाणेरडी चित्रं यायला लागली, म्हणून अब्बांनी तिसरं घातलं."

हेतू चांगलाच होता. पण एका दाराशी तीन राखणदार बसवले तर चोर तिप्पट अडत नाहीत, पाहुणा मात्र तीनदा अडतो.

मी कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही तीन बटणे एकत्र दाबून ब्राउझरची खासगी खिडकी उघडली. क्रोममध्ये या खिडकीत एक्स्टेन्शन आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. तीच वेबसाइट झटक्यात उघडली. फीचे बटण दाबताच पैसे भरण्याची वेगळी खिडकी समोर आली. अल्हम्दुलिल्लाह, दहा मिनिटांत पावती हातात पडली. कॉम्प्युटर म्हातारा झाला नव्हता, त्याच्या पाठीवर ओझे झाले होते. तुमच्या घरी असा त्रास असेल तर दुकानात जाण्याआधी ही परीक्षा जरूर करा.

हे ओझे कसे होते तेही समजून घेऊ. जाहिरात अडवणाऱ्या एक्स्टेन्शनजवळ हजारो नियमांची यादी असते. पान उघडताना येणारे प्रत्येक चित्र, प्रत्येक तुकडा त्या यादीशी ताडून पाहिला जातो. असे एक एक्स्टेन्शन असेल तर फायदाच होतो, कारण जड जाहिराती उतरतच नाहीत आणि पान हलके होते. पण तीन असली की तेच काम तीनदा होते, मेमरी तिप्पट अडते आणि एकाने सोडलेली खिडकी दुसरे बंद करते. चार जीबी रॅमच्या जुन्या यंत्रात विंडोजच बरीच जागा घेते. उरलेल्यात ही गर्दी.

पॉप-अपचा जन्मही चांगल्या हेतूनेच झाला, हे वाचून नवल वाटेल. १९९० च्या दशकात अमेरिकेत ट्रायपॉड नावाच्या वेबसाइटवर एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील पानावर दिसली आणि कंपनी नाराज झाली. जाहिरात पानापासून वेगळी दिसावी म्हणून ईथन झुकरमन यांनी ती स्वतंत्र खिडकीत उघडण्याची युक्ती केली. पुढे तिचा जगाला इतका ताप झाला की २०१४ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली. सुरुवातीला पॉप-अप अडवायला खरोखरच टूलबार लागत. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून इंटरनेट एक्सप्लोररमध्येच ती सोय आली. आज क्रोम, एज, फायरफॉक्स या सगळ्यांत ती मुळातच असते.

मग भावाकडे ती घाण चित्रे कुठून येत होती? ती पॉप-अप नव्हतीच. कुठल्याशा वेबसाइटने "सूचना पाठवू का?" असे विचारले होते आणि कोणीतरी "अलाउ" दाबले होते. आपणच दिलेली ही परवानगी, ती पॉप-अप अडवणाऱ्याला दिसत नाही. तीन ठिपक्यांवरून सेटिंग्जमध्ये जा. तिथे प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. परवानगी मिळालेल्या वेबसाइटची यादी तिथे दिसेल. अनोळखी नावे काढून टाका. आम्ही पाच नावे काढली आणि चित्रे थांबली.

त्यानंतर आम्ही एकेक एक्स्टेन्शन हाती घेऊन एकच प्रश्न विचारला, याच्याशिवाय भागेल का? उर्दू टायपिंग विंडोजमध्येच आहे. भाषेच्या सेटिंग्जमध्ये उर्दू आणि मराठीचे कीबोर्ड जोडले की विंडोज व स्पेस ही बटणे दाबून भाषा बदलता येते. पीडीएफ ब्राउझर स्वतः उघडतो. नमाज़चे वेळापत्रक मशिदीने छापलेले भिंतीवरच होते, वहिनीलाच हसू आले. अडवणारे एकच ठेवले, यूब्लॉक ओरिजिन लाइट, तेही क्रोमच्या अधिकृत दुकानातून. अकरामधले दोन उरले. कामाच्या वेबसाइटची खिडकी क्रोमने अडवली तर पत्त्याच्या उजवीकडे छोटे चिन्ह उमटते. त्यावर दाबून तेवढ्याच वेबसाइटला परवानगी द्यावी. सगळे कुलूप उघडण्याची गरज नाही.

काढलेले एखादे पुन्हा उगवले, तर ते एखाद्या फुकट सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून आलेले असते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अॅप्सच्या यादीतून ते मुळासकट काढा. पुढे काही बसवताना "नेक्स्ट, नेक्स्ट" करत सुटू नका. आधीच खुणा केलेल्या चौकटी वाचा आणि नको त्या खुणा काढा.

हा प्रश्न फक्त वेगाचा नाही, अमानतीचाही आहे. पुष्कळ एक्स्टेन्शन "सर्व वेबसाइटवरील माहिती वाचणे व बदलणे" अशी परवानगी मागतात. त्यात बँकेचे पान आले, मुलीचा फॉर्मही आला. द ग्रेट सस्पेंडर हे मेमरी वाचवणारे एक्स्टेन्शन लाखो लोक विश्वासाने वापरत होते. २०२० मध्ये मूळ निर्मात्याने ते दुसऱ्याच्या हवाली केले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते घातक ठरवून बंद करावे लागले. वापरणाऱ्यांना मालक बदलल्याचा पत्ताही नव्हता. घराची किल्ली देताना आपण माणूस पारखतो. इथेही पारखावे.

इस्राफ म्हणजे केवळ ताटात टाकलेले अन्न नव्हे. गरज नसताना जमवलेली प्रत्येक वस्तू जागा खाते, मग ती फुकटची का असेना. महिन्यातून एकदा मुलांना जवळ बसवून ही यादी तपासा. कोणते कशासाठी ठेवले ते मुलांनाच सांगू द्या. ज्याचे कारण कोणाला सांगता येत नाही, ते काढा.

भावाचा तोच सात वर्षांचा कॉम्प्युटर अजून चालतो आहे. हप्त्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.