आकार बदला, पण हवा लागण्याआधी

कक्षेतून परतणाऱ्या रॉकेटपुढचा पेच मुळात आकाराचा आहे. वर जाताना त्याला हवा कापत जाणारा सडपातळ देह लागतो, खाली येताना रुंद आणि बोथट. सेकंदाला सुमारे 7.8 किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या प्रत्येक किलो वजनात जवळपास 3 कोटी ज्यूल ऊर्जा असते. तेवढ्या ऊर्जेत 10 किलोहून अधिक पाण्याची वाफ होईल. ही ऊर्जा यानात शिरणार की हवेत विरणार, हे आकार ठरवतो. बोथट वस्तू आपल्यापुढची आघातलाट दूर ठेवते आणि बहुतेक उष्णता बाजूने वाहून जाते, हे अमेरिकेत हार्वे ॲलन यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवले. वजनाच्या मानाने पृष्ठभाग जितका मोठा, तितके यान विरळ हवेत, उंचावरच मंदावते. म्हणजे परतीच्या वाटेवर आकार बदलणारे रॉकेट ही अतिशय तर्कशुद्ध कल्पना आहे. मात्र तिचे यश त्या बदलाच्या वेळेवर ठरते, असे माझे मत आहे. बदल अवकाशात, एकदाच आणि हवेचा जोर लागण्याआधी पूर्ण व्हायला हवा.

बर्ट रुटन यांच्या ‘स्पेसशिपवन’ या यानाने 2004 मध्ये शेपटीचा भाग वर उचलून परतीचा प्रवास सुखरूप केला, कारण तो भाग दाट हवेच्या बाहेर उचलला जाई. त्याच तत्त्वावरच्या ‘स्पेसशिपटू’च्या शेपटीची कुलपे 31 ऑक्टोबर 2014 रोजी वर चढतानाच, ध्वनीच्या वेगाच्या आसपास उघडली गेली. हवेच्या दाबाने शेपटी आपोआप वर उचलली गेली, यान मोडले आणि सहवैमानिकाचा जीव गेला. यंत्रणा तीच होती, क्षण चुकीचा होता. ‘स्टारशिप’ या यानाची अडचण जरा वेगळी. त्याचे पंख थेट तप्त प्रवाहात हलत राहतात. जून 2024 च्या चौथ्या चाचणीत एका पंखाची बिजागरीजवळची बाजू जळत गेली. यान तरीही हिंदी महासागरावर नियंत्रितपणे उतरले, ही मोठीच कामगिरी. पण पुढच्या आवृत्तीत पुढचे पंख लहान करून उष्णतेच्या झोतापासून बाजूला सरकवावे लागले. हलत्या पंखांमुळे यान हव्या त्या जागी नेता येते, हा त्यांचा खरा फायदा आहे. ज्याला थेट तळावरच परतायचे आहे, त्याने ती किंमत मोजावी. रॉकेटच्या प्रत्येक वरच्या टप्प्याला मात्र अशा पंखांची गरज नाही.

दुसरा मार्ग फुगणाऱ्या कवचाचा. नासाने 10 नोव्हेंबर 2022 रोजी ‘लॉफ्टिड’ हे 6 मीटर व्यासाचे फुगवता येणारे कवच कक्षेतून परत आणले. घडी करून नेलेले हे कवच अवकाशात फुगले, ताशी 29,000 किलोमीटरहून अधिक वेगाने वातावरणात शिरले आणि पॅसिफिकमधून शाबूत उचलले गेले. कापड एवढी उष्णता कसे सोसणार, या शंकेला हेच उत्तर आहे: सिलिकॉन कार्बाइडच्या धाग्यांचे ते कापड रुंद असल्यामुळे उष्णता मोठ्या क्षेत्रावर वाटली जाते. वजनाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. वरच्या टप्प्यावर चढवलेला प्रत्येक किलो उपग्रहाच्या वाट्यातून जातो. पण कमी जागेत मावणारे कवच नेमके इथेच उपयोगी पडते, कारण त्याचा व्यास रॉकेटच्या रुंदीने बांधलेला नसतो. कवच एकदाच वापरता आले, तरी इंजिन आणि इलेक्ट्रॉनिक्स परत मिळतात.

भारताने याची सुरुवात केलेली आहे. 3 सप्टेंबर 2022 रोजी थुंब्याहून सोडलेल्या रोहिणी रॉकेटवर इस्रोने केव्हलार कापडाचे कवच 84 किलोमीटर उंचीवर फुगवले. या रॉकेटचा वेग कक्षेच्या वेगापेक्षा फार कमी, त्यामुळे खरी उष्णता अजून सोसायची आहे. सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या नव्या पिढीच्या प्रक्षेपकात पहिला टप्पा पुन्हा वापरायचा आहे. ते योग्यच, पण वरच्या टप्प्याचा विचार त्यानंतर सुरू करणे म्हणजे पुढची अनेक वर्षे हातची घालवणे. चाचणीसाठी साधनही घरचेच आहे. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा ‘पोएम’ नावाने प्रयोगांसाठी कक्षेत वापरला जातो आणि ‘पोएम-3’ मार्च 2024 मध्ये वातावरणात शिरून संपला. अशाच एखाद्या टप्प्यावर छोटे घडीचे कवच आणि तापमापक बसवून ते कक्षेच्या वेगाने खाली आणावे. पहिले कवच जळाले, तरी किती उंचीवर आणि कोणत्या शिवणीपासून जळाले याची मोजमापे हाती येतील, आणि दुसरे कवच त्यांवरून शिवता येईल.