मऊ आमिष, सावध मासा

अमेरिकेतल्या तळ्यांवर सुट्टीच्या दिवशी पहाटेपासून हौशी मासेमार जमतात. त्यांतले कितीतरी लोक एकाच माशाच्या मागावर असतात. तो मासा म्हणजे बास. त्यातही लार्जमाउथ, म्हणजे मोठ्या तोंडाचा बास विशेष आवडता. हिरवट अंगाचा, कुशीवर काळसर पट्टा असलेला हा मासा पाणगवतात किंवा बुडालेल्या झाडाच्या आडोशाला दबा धरून बसतो. भक्ष्य जवळ आले की भलामोठा जबडा उघडून ते पाण्यासकट आत ओढून घेतो.

या छंदात नव्याने पडलेला माणूस दुकानात शिरला की गोंधळून जातो. भिंतभर कृत्रिम आमिषे टांगलेली असतात. लाकडाची, पत्र्याची, कडक प्लॅस्टिकची, पिसांची. अशा वेळी जुनेजाणते लोक बहुधा मऊ प्लॅस्टिकच्या गांडुळाकडे बोट दाखवतात. ते स्वस्त असते, आणि हात सावकाश चालवायला शिकवते.

स्वयंपाकघरातला शोध

या गांडुळाचा जन्म घरगुती आहे. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात राहणारे निक क्रीम आणि त्यांची पत्नी कॉस्मा यांनी १९४९ साली आपल्या स्वयंपाकघरात मऊ प्लॅस्टिकचे मिश्रण तापवून ते गांडुळाच्या साच्यात ओतून पाहिले. मासेमारांनी हे आमिष उचलून धरले. पुढे क्रीम यांचा कारखाना टेक्सासमधल्या टायलर गावी गेला.

मऊपणाचा फायदा काय? कडक आमिष तोंडात घेताच माशाला खोटेपणा कळतो आणि तो ते झटकन थुंकून टाकतो. मऊ गांडूळ खऱ्या जिवासारखे दबते, म्हणून मासा ते क्षणभर जास्त धरून ठेवतो. मासेमाराचे सारे यश त्या क्षणात असते. काही आमिषांत मीठही घातलेले असते. त्याने आमिषाला वजन येते आणि ते नीट बुडते.

सुरुवातीचे सामान

साडेसहा ते सात फुटांची मध्यम ताकदीची काठी, साधे रीळ आणि दहा-बारा पौंड ताण सोसणारा नायलॉनचा दोरा एवढे पुरे. गांडुळांची दोन पाकिटे घ्यावीत. पाणी नितळ असेल तर हिरवट-तपकिरी, गढूळ असेल तर काळे किंवा गडद निळे. रंगांच्या मोहात पडून खिसा रिकामा करू नये. ही गांडुळे कडक आमिषांच्या डब्यात मात्र ठेवू नयेत. मऊ प्लॅस्टिकमधल्या द्रव्याने दुसरे प्लॅस्टिक विरघळते आणि सगळ्याचा चिकट गोळा होतो.

पहिली जोडणी अगदी सोपी. पाच इंची जाड गांडूळ घ्यावे आणि त्याच्या बरोबर मध्यावर गळ आरपार घालावा. वजन लावू नये. पाण्यात बुडताना त्याची दोन्ही टोके थरथरतात आणि तेवढ्याने मासा फसतो. मात्र गळाचे टोक उघडे राहते, म्हणून ही जोडणी मोकळ्या पाण्यातच वापरावी.

पाणगवतासाठी टेक्सास पद्धत. दोऱ्यात आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे छोटे वजन ओवायचे आणि मग गळ बांधायचा. गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यात पाव इंच खुपसून बाजूने बाहेर काढायचे, गळ वर ओढून फिरवायचा आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात लपवायचे. टोक झाकलेले असल्याने ते गवतात अडकत नाही. गांडूळ सरळ लोंबते आहे ना, एवढे पाहावे. वाकडे राहिले तर ते पाण्यात गरगर फिरते आणि दोऱ्याला पीळ पडतो.

घाई नको

नवशिका माणूस दोरा टाकतो आणि लगेच रीळ फिरवू लागतो. इथेच तो मासा गमावतो. बास बहुतेक वेळा आमिष खाली बुडत असतानाच ते तोंडात घेतो. म्हणून आमिष तळाला टेकेपर्यंत थांबावे आणि नजर दोऱ्यावर ठेवावी. मग काठीचे टोक हळूच उचलावे, पुन्हा खाली न्यावे, ढिला पडलेला दोरा गुंडाळावा आणि पुन्हा थांबावे. पाणी थंड असेल तर हे थांबणे आणखी वाढवावे. हाताला 'टक्' असे जाणवले किंवा दोरा आपोआप बाजूला सरकू लागला की ढील गुंडाळून काठी जोराने मागे घ्यावी. इथे उशीर झाला तर मासा गळ गिळून बसतो.

गळ गिळलेल्या माशाला सोडूनही तो जगेलच असे नाही. पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडण्याची रीत अमेरिकेत रुजवण्यात रे स्कॉट यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या संघटनेने १९७२ पासून स्पर्धांतले मासे जिवंत सोडण्याचा आग्रह धरला. त्यासाठी ओल्या हाताने मासा धरावा, पोटाखाली आधार द्यावा आणि पटकन पाण्यात सोडावा. गळ खोल गेला असेल तर ओढाताण न करता दोरा तोंडाजवळ कापावा.

मागे काय राहते

मऊ गांडूळ सहज फाटते, आणि हीच त्याची खोड आहे. फाटलेला तुकडा पाण्यात पडला तर वर्षानुवर्षे कुजत नाही. मासे तो गिळतात, आणि गिळलेले तुकडे त्यांच्या पोटांत सापडले आहेत. मेन राज्याच्या विधिमंडळात २०१३ साली अशा आमिषांवर बंदीचा प्रस्ताव आला. बंदी झाली नाही, पण प्रश्न सर्वांसमोर आला. शिशाच्या वजनांचेही तसेच. ती गिळून लून नावाचे पाणपक्षी मरतात, म्हणून ईशान्येकडील काही राज्यांनी लहान वजनांवर बंदी घातली आहे. त्याऐवजी टंगस्टनची किंवा पोलादाची वजने मिळतात. फाटकी गांडुळे घरी वितळवून नवी ओतण्याचा उद्योग मात्र स्वयंपाकघरात करू नये. तो धूर विषारी असतो.

बास हा आपल्या पाण्यातला मूळचा मासा नव्हे. पण आपल्याकडचे हौशी लोकही मरळीसाठी मऊ बेडूक आणि खाडीतल्या जिताड्यासाठी मऊ मासोळी वापरतात. तिथेही संयम तोच आणि जबाबदारीही तीच. पाण्यावर जाताना पिशवीतली आमिषे मोजून न्यावीत, आणि परतताना फाटक्या तुकड्यांसह मोजून घरी आणावीत.