परळचा जुना राजवाडा

परळ-लालबागेंत राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस हाफकिन संस्थेचें नांव ठाऊक आहे. परंतु तिच्या जुन्या वास्तूचा पूर्ववृत्तांत किती जणांस ठाऊक असेल, याची आम्हांस शंका आहे. पोर्तुगीज अमदानींत येथें ख्रिस्ती देवालय व मठ होता. पुढें इंग्रजांनीं तो जेसुइट पाद्र्यांकडून घेतला व त्याचें गव्हर्नरसाहेबांचें निवासस्थान झालें. १७७१ सालीं विल्यम हॉर्नबी येथें राहावयास आले. विलायतेंतील उमरावांच्या खेड्यांतील वाड्यांचाच थाट तो! देवालयाच्या जागीं मेजवानीचें दालन झालें आणि त्याच्या माथ्यावर नृत्यशाळा.

आमच्या समाजांतील कित्येकांस या गोष्टीचें अद्यापि वैषम्य वाटतें. उलट, परक्या गव्हर्नरांच्या घरावर एक पैही कां खर्चावी, असें विचारणारेही पुष्कळ भेटतात. आम्हांस हे दोन्ही पक्ष मान्य नाहींत.

१८८२ सालीं गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी येथें पटकीनें वारल्या, आणि पुढें गव्हर्नरांनीं मलबार पॉइंट जवळ केला. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला. डॉक्टर हाफकिन या ज्यू गृहस्थांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा या वाड्यांत आली. १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल येथें लस टोंचलेलीं एकोणीस माणसें धनुर्वातानें दगावलीं. दोष हाफकिन यांच्यावर आला. तो दूर होण्यास १९०७ साल उजाडलें. संस्थेस त्यांचें नांव मिळालें तें १९२५ सालीं.

ज्या घरांत गिरणगांवच्या गरिबांसाठीं लस तयार झाली, तें आतां केवळ गव्हर्नरांचें कसें म्हणावें? देवालय गेलें याचें दुःख आम्हांसही आहे. तथापि रोग्यांची सेवा ही नाचरंगापेक्षां त्या जागेस अधिक शोभते, असें आम्हांस वाटतें. म्हणून वाड्याच्या डागडुजीवर होणारा खर्च आम्ही उधळपट्टी मानीत नाहीं. मात्र तेथील माहिती सांगतांना साहेबांच्या मेजवान्यांसच अग्रस्थान देणें आम्हांस रुचत नाहीं.

पालकांस आमची एक विनंति आहे. राणीच्या बागेची सहल दरसालची आहेच. एके वर्षीं रीतसर परवानगी काढून वरच्या इयत्तांस येथें न्यावें. मुलांनीं मुलकोवालची हकीकत आधीं वाचून यावें, दालनें मग पाहावीं.