फुकटचा क्लास आणि डब्यांचे पैसे

गेल्या वर्षी ऑनसाईट असताना अटलांटात माझे सहा शनिवार एका लायब्ररीच्या हॉलमध्ये गेले. क्लायंटकडच्या एका बाईंनी विचारलं होतं, एक्सेल शिकवायला येशील का? वीकेंडला कपडे धुणं आणि घरी फोन करणं सोडलं तर मला दुसरा उद्योग नव्हता. म्हटलं, जाऊ या.

क्लास होता छोटे धंदे चालवणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांसाठी. फी शून्य, सगळा खर्च एका अनुदानातून. बिझनेस प्लॅन, मार्केटिंग, टॅक्स असे विषय; माझ्याकडे हिशेब. पहिल्याच दिवशी मी मोठ्या ऐटीत 'एक नग आपल्याला कितीला पडतो' हे शिकवायला घेतलं. मागच्या रांगेतल्या एक बाई घरी केसांचं क्रीम बनवून विकायच्या. त्या शांतपणे म्हणाल्या की ते त्यांना पाठ आहे, अगदी झाकणासकट! अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. एक दुकानदार माल ठेवायला तयार आहे, पण डबे बनवणारा एकदम पाच हजार नगांची ऑर्डर मागतो आणि तेवढे पैसे हातात नाहीत. "त्यासाठी कुठला कॉलम?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. (एक्सेलकडेही नव्हतं.)

सोमवारी जेवताना टीममध्ये ही गोष्ट सांगितली, तर आपल्याकडचा ठरलेला वाद सुरू झाला. "म्हणजे इथेही आरक्षण? फक्त त्यांनाच का? धंदा ज्याच्या अंगात आहे तो करतोच." खरं सांगायचं तर कॉलेजात असताना मीही हेच बोलायचो, आणि याच आवेशात.

पण त्या रात्री मी स्वतःचाच हिशेब मांडून पाहिला. इंजिनियरिंगचं कर्ज मिळालं ते मामा जामीन राहिला म्हणून. पुण्यात पहिले आठ महिने काकांकडे राहिलो, भाडं नाही, डबाही घरचा. लॅपटॉप बाबांच्या एफडीतून. यातलं काहीही मी कधी 'मदत' म्हणून मोजलं नव्हतं. ते घरचं होतं ना! मेरिट तेवढं माझं.

धंद्याचंही तसंच असतं. पहिले पैसे बँक देत नाही, घर देतं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या 2022 च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती 2,85,000 डॉलर होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची 44,900. सहा पटींहून जास्त फरक. बँक अर्जावर रंग विचारत नाही, तारण विचारते. पण तारण म्हणजे बहुतेक वेळा घर, आणि आजोबांना कुठल्या वस्तीत घर घेऊ दिलं होतं याचा हिशेब त्यात गुपचूप येतोच.

आता याच अटलांटातली गोष्ट. इथे फिअरलेस फंड नावाची संस्था कृष्णवर्णीय उद्योजिकांना 20,000 डॉलरचं अनुदान आणि सोबत मार्गदर्शन देत असे. ऑगस्ट 2023 मध्ये एडवर्ड ब्लम यांच्या संघटनेने तिच्यावर खटला भरला. आधार कुठला? 1866 चा नागरी हक्क कायदा! म्हणजे नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या माणसांना करार करण्याचा गोऱ्यांइतकाच हक्क मिळावा, म्हणून केलेला कायदा. जून 2024 मध्ये अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक मताने अनुदान थांबवलं. सप्टेंबरमध्ये तडजोड झाली आणि ती योजना कायमची बंद पडली.

ब्लम यांच्या बाजूचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'फक्त गोऱ्यांसाठी' अशी योजना कोणी काढली तर आपल्याला चालेल का? नाही. मग नियम दोन्हीकडे सारखा हवा. तर्क म्हणून हे बरोबर आहे. पण शर्यतीत एकाला शंभर मीटर मागे उभं करून मग 'आता सगळ्यांना एकच शिट्टी' म्हणणं हाही सारखाच नियम असतो. आपल्याला हे नवं वाटू नये. तो कायदा झाल्यावर सातच वर्षांनी, 1873 मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं गुलामी संपवणाऱ्या अमेरिकन लोकांना. पुण्यात बसून त्यांना जे दिसलं, ते आम्हाला अटलांटातल्या कॅन्टीनमध्ये बसून दिसत नव्हतं.

आता दुसरी बाजू. असे क्लास काढले की झालं, असंही मला वाटत नाही. अनुदान देणाऱ्याला आकडा लागतो, आणि मोजायला सगळ्यात सोपा आकडा म्हणजे किती जणींनी क्लास पूर्ण केला. कोडच्या ओळी मोजून प्रोग्रॅमर हुशार ठरवण्यातला प्रकार! धंदा वाढला का, हे कोण मोजणार?

बरं, शिकवण्यातही फरक असतो. टोगो या पश्चिम आफ्रिकेतल्या देशात 1,500 छोट्या व्यावसायिकांवर केलेला एक प्रयोग 2017 मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला. नेहमीचं हिशेब-मार्केटिंग शिकलेल्या बायकांचा नफा वाढला सुमारे 5 टक्के. स्वतःहून पुढाकार कसा घ्यायचा, नवं काय करायचं, अडचण आली तर काय, यावर भर असलेलं प्रशिक्षण घेतलेल्यांचा सुमारे 40 टक्के. म्हणजे माझं एक्सेल पहिल्या गटातलं...

आणि मॅडम सी. जे. वॉकर यांनी हे शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. जन्म 1867, आईवडील गुलामीतून सुटलेले, स्वतः कपडे धुवून पोट भरलेलं. त्यांनी केसांच्या औषधांचा कारखाना काढला आणि हजारो कृष्णवर्णीय बायकांना विक्रीसाठी तयार केलं. पण त्या नुसतं शिकवून घरी पाठवत नव्हत्या. शिकलेल्या बाईला विकायला माल होता, गिऱ्हाईक होतं आणि कमिशन होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. क्लासच्या शेवटी सर्टिफिकेटऐवजी पहिली ऑर्डर किंवा डब्यांपुरते पैसे मिळाले पाहिजेत. कोर्टाला 'फक्त कृष्णवर्णीय' खटकत असेल तर निकष बदला, ज्यांच्या घरी पैसा नाही आणि बँकेने ज्यांना नाकारलं अशा सगळ्यांना घ्या. पण पैसे काढून घेऊन नुसता क्लास ठेवू नका. भुकेल्याला पाककृतीचं पुस्तक देण्यात कसलं आलंय औदार्य?

सहाव्या शनिवारी फोटो निघाला. क्रीमवाल्या बाई हसतायत, हातात सर्टिफिकेट आहे. डब्यांचे पैसे तोवर जमले नव्हते.

असो. पुढच्या वेळी मेरिटवर वाद घालायच्या आधी तुमचा जामीन कोण राहिला होता, तेवढं आठवून बघा.