जुन्या कॉम्प्युटरला मोठी हार्ड डिस्क चालेल का?

अकोल्याच्या एका भगिनीने विचारले आहे : अब्बांच्या डीटीपीच्या दुकानात विंडोज एक्सपीचा जुना कॉम्प्युटर आहे. निकाहच्या पत्रिका, उर्दू शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळे काम इनपेजमध्ये त्याच्यावरच चालते. डिस्क भरत आली. 1 टीबीची नवी बसवली तर चालेल का?

आधी वीज बंद करून कॅबिनेट उघडा आणि डिस्कची केबल बघा. रुंद, चपटी, 40 छिद्रांची पट्टी असेल तर ती आयडीई. बारीक असेल तर सॅटा. आज अकोला-अमरावतीच्या दुकानांत नवी मिळते ती सॅटाच, आणि ती आयडीईला थेट बसत नाही. सेकंडहँड आयडीई डिस्कवर अब्बांचे काम ठेवू नका.

केबल जुळली तरी खरा अडथळा पुढे आहे. जुनी पद्धत डिस्कवरच्या प्रत्येक खान्याला 28 बिटांचा पत्ता देत असे. एक खाना 512 बाइटचा, म्हणजे 137 जीबीला पत्ते संपले. 2002 च्या सुमारास 48 बिटांचे पत्ते आले. एक्सपीला ते सर्व्हिस पॅक 1 पासून समजतात. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, सर्व्हिस पॅकचा आकडा तिथेच दिसेल. पण मदरबोर्डच्या बायोसलाही ते समजावे लागतात. डिस्क जोडल्यावर बायोसमध्ये तिचा पूर्ण आकार दिसला नाही, तर तिथेच थांबा.

हे एवढ्यासाठी सांगतो की डिस्क दिसली नाही तर नुकसान काहीच नाही. नुकसान होते ते दिसल्यावर. दुसऱ्या, नव्या कॉम्प्युटरवर फॉरमॅट केलेली मोठी डिस्क सर्व्हिस पॅक नसलेल्या एक्सपीला लावली, की सुरुवातीला सारे सुरळीत चालते. मग 137 जीबीच्या पुढे जाणारी फाइल फिरून सुरुवातीच्या जागेवर लिहिली जाऊ शकते, आणि तिथले जुने काम मिटते.

आपल्याकडच्या साध्या 32 बिट एक्सपीला 2 टीबीची हद्द आहेच. 3 टीबीची डिस्क त्यात 746 जीबी दाखवते! 1 टीबीची 931 दिसते, ती मात्र ठीक आहे; कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने. त्यावरून दुकानदाराशी भांडू नका.

माझे मत विचाराल तर आतल्या डिस्कला हातच लावू नका. 1 टीबीची यूएसबीवर चालणारी बाहेरची डिस्क घ्या. तिथे मदरबोर्डच्या 137 च्या हद्दीचा संबंध येत नाही. फॉरमॅट एनटीएफएस ठेवा. कॉपी यूपीएसवर लावा, उन्हाळ्यात लाइटचा भरवसा नाही. झाल्यावर दहा-बारा इनपेज फाइली नव्या डिस्कवरून उघडून बघा, त्यांची आणखी एक प्रत घरच्या लॅपटॉपवर ठेवा, आणि मगच जुन्यावरून काही पुसा.