"छान आहे" म्हणून आपण पोरांचं नुकसान करतोय

मागच्या वर्षीची गोष्ट आहे. आपल्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बालविवाह प्रतिबंधावर पोस्टर स्पर्धा होती. गावात पत्रकार असलं की अशा ठिकाणी परीक्षक म्हणून बोलावणं येतंच. चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही, पण नाही म्हणायला जीभ रेटत नाही. शाल मिळते, चहा मिळतो, दुसऱ्या दिवशीची बातमी पण होते.

आम्ही तिघं परीक्षक. हॉलमध्ये चाळीसेक पोस्टर लावलेली. बरीचशी हातानं रंगवलेली, थोडी कम्प्युटरवर केलेली. वीस मिनिटांत सगळं उरकलं. एकेका पोस्टरपुढं थांबायचं, मान हलवायची, "छान, खूप छान" म्हणायचं आणि पुढं सरकायचं.

पहिला नंबर बी. ए. करणाऱ्या एका मुलीला दिला. ती कॉलेज करून संध्याकाळी एका फ्लेक्सच्या दुकानात कोरलड्रॉवर काम करते. पोस्टर खरंच देखणं होतं. मुंडावळ्या बांधलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी, डोळ्यांत पाणी. मागं मरून रंग, कडेनं सोनेरी नक्षी. वर वळणदार अक्षरांत बालपण हिरावू नका असं वाक्य. आणि खाली कोपऱ्यात चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर, १०९८. आम्ही टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, घरी आलो.

पुढं त्याच पोस्टरचे फ्लेक्स छापून काही गावांत लागले. महिनाभरानं एका फाट्यावर मी चहाला थांबलो होतो. समोरच तो फ्लेक्स. बाजूला बसची वाट बघत एक म्हातारी बसली होती. तिनं मला विचारलं, "कोनाचं लगीन हाय रे बाबा?"

मी पहिल्यांदा नीट बघितलं. रस्त्याच्या या कडेवरून दिसत होतं ते एवढंच: मरून रंग, सोनेरी नक्षी आणि नवरी. डोळ्यांतलं पाणी इथून दिसत नव्हतं. वळणदार अक्षरं वाचता येत नव्हती. १०९८ तर मरून रंगावर बारीक सोनेरीत, शोधून सापडत नव्हता. म्हातारीचं काही चुकलं नव्हतं. ती मंगल कार्यालयाचीच जाहिरात वाटत होती.

चहा गोड लागला नाही, खरं सांगतो.

कारण हा विषय आपल्याकडं नुसता पोस्टरचा नाही. दिवाळीच्या आसपास अंबड, घनसावंगी, मंठ्याकडून ऊसतोडीच्या गाड्या भरून निघतात. वयात आलेली लेक मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, या काळजीपोटी लग्न उरकून टाकणारे आई-बाप आपण सगळ्यांनीच पाहिलेत. २००६ चा कायदा आहे. गावात ग्रामसेवकाकडंच बालविवाह रोखायची जबाबदारी दिलेली आहे. १०९८ चोवीस तास फुकट लागतो. पण ज्या पोरीला किंवा तिच्या मैत्रिणीला तो नंबर लागणार आहे, तिला तो दिसला तर पाहिजे! त्या पोस्टरचं काम एकच होतं, नंबर पोचवणं. आणि आम्ही तिघं शहाणे त्याच्यासमोर उभं राहून "छान" म्हणालो होतो.

आठ दिवसांनी त्या दुकानावर गेलो. ती मुलगी कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर करत होती. मी चुकलो तो इथं. आपण पत्रकार, तोंड उघडलं की फटकळपणा. सरळ म्हणालो, "तुझं पोस्टर फसलं." तिचा चेहरा उतरला. दुकानात दोन गिऱ्हाईकं बसलेली, त्यांच्यादेखत. ती काही बोलली नाही, माऊस हलवत राहिली.

मग खुर्ची ओढून बसलो आणि फाट्यावरचा किस्सा सांगितला. म्हातारीचा प्रश्न सांगितला. मोबाइलवर रस्त्याच्या कडेवरून काढलेला फोटो दाखवला. तिनं तो फोटो बराच वेळ बघितला. मग बोलायला लागली. स्क्रीनवर रंग उजेडातून दिसतो, फ्लेक्सवर शाईतून. त्यामुळं स्क्रीनवर चमकणारा सोनेरी रंग छापल्यावर मातकट पिवळा होतो. हे तिला दुकानात बसून माहीत झालेलं होतं, पण स्पर्धेच्या घाईत लक्षात राहिलं नाही. नंबर मोठाच ठेवला होता, पण "चित्राला जागा दे" असं कुणीतरी सुचवलं म्हणून तिनंच तो लहान केला. सगळं बोलून झाल्यावर तिनं शांतपणे विचारलं, "सर, हे त्या दिवशी का नाही सांगितलं?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

मी विचार करत राहिलो की या पोरांना त्यांच्या कामाबद्दल नीट सांगतं तरी कोण? शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा होतात. कला संचालनालय घेतं. त्यात संकल्पचित्र असतं, अक्षरलेखन असतं, म्हणजे ग्राफिक डिझाइनचा पायाच की. पण निकालात काय येतं? अ, ब किंवा क. इंटरमिजिएटच्या अ श्रेणीला दहावीत ७ गुण जादा, ब ला ५, क ला ३. पोराला 'क' मिळाला तर का मिळाला, रंग चुकला की मोजमाप की अक्षरांतलं अंतर, हे त्याला कळत नाही. मान्य आहे, राज्यभरातल्या इतक्या पोरांच्या प्रत्येक कागदावर शेरा लिहिणं शक्य नाही. मग ते काम शाळेतल्या कलाशिक्षकाचं. पण शिक्षण हक्क कायद्यातच सहावी ते आठवीला १०० च्या वर पटसंख्या असेल तरच कलेचा शिक्षक, तोही अंशकालीन, अशी तरतूद आहे. आपल्या खेड्यातल्या किती शाळांचा पट एवढा आहे, मोजून बघा.

शासकीय कला महाविद्यालयं मुंबई सोडली तर नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. तिथं भिंतीवर कामं लावून सगळ्या वर्गासमोर त्यावर बोलतात. ज्याला तिथं जाता येत नाही तो पोरगा दोन-तीन महिन्यांचा कोर्स करतो आणि फ्लेक्सच्या दुकानात लागतो. तिथं त्याला गिऱ्हाईक शिकवतं. गिऱ्हाईकाचा अभिप्राय तुम्हाला माहीत आहे: भाऊंचा फोटो मोठा करा, साहेबांचा त्याहून मोठा करा, खाली तेवीस शुभेच्छुकांचे फोटो बसवा, आणि "जरा भारी वाटलं पाहिजे." भारी म्हणजे काय, ते त्यालाही माहीत नसतं. श्रद्धांजलीच्या बॅनरवर निम्म्या वेळा "श्रध्दांजली" छापलेलं असतं. द ला ध जोडायचा असतो, उलटा नाही. दुकानात कुणी सांगत नाही, गिऱ्हाईक बघत नाही, आणि माणूस गेला तरी त्याच्या नावाच्या वर चूक लटकत राहते.

हाच पोरगा पुढं पुण्याला मुलाखतीला जातो. त्याच्या कामाला आजवर घरच्यांनी छान म्हटलेलं, सरांनी छान म्हटलेलं, ग्रुपवर शंभर अंगठे मिळालेले. तिथं कुणीतरी विचारतं, "हा फॉण्ट का घेतला?" आणि पोरगा गप्प. त्याला हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलेला असतो. आपल्या गोड बोलण्याची किंमत तो तिथं मोजतो.

उलट बाजूही आहे. काही मास्तर लोकांना वाटतं, झाडलं म्हणजे शिकवलं. "भंगार आहे, परत कर." हे तर छानपेक्षा वाईट. पोरगं घाबरतं, पण काय बदलायचं ते त्याला कळत नाही. माझी पहिली बातमी उपसंपादकांनी लाल पेनानं रंगवून परत दिली होती. तेव्हा राग आला. पण त्यांनी कडेला लिहिलं होतं, "कोण मेलं ते तिसऱ्या परिच्छेदात का?" तो एक प्रश्न मी वीस वर्षं विसरलो नाही. त्यांनी मला शिव्या दिल्या नव्हत्या, बातमीतली चूक दाखवली होती.

म्हणून आता परीक्षक म्हणून गेलो की मी तीनच गोष्टी सांगतो. चित्रकला कळत नसली तरी चालतं, वाचणारा म्हणून सांगता येतं. एक, माझी नजर आधी कुठं गेली. दोन, मला यातून काय कळलं. तीन, काय शोधावं लागलं किंवा सापडलंच नाही. रंग बदल, फॉण्ट बदल हे मी सांगत नाही, तो त्या पोराचा प्रांत. आणि सांगायचं ते बाजूला घेऊन, गिऱ्हाईकांसमोर नाही. हे मी चुकून शिकलो.

पोरांनाही एक सांगणं आहे. कुणी चूक दाखवली की लगेच "सर, माझा हेतू असा होता" म्हणून सुरू होऊ नका. तुम्ही फाट्यावर प्रत्येक पोस्टरशेजारी उभं राहून हेतू सांगणार आहात का? आधी ऐका, लिहून घ्या, मग विचारा, "नक्की कुठं अडलं?" सगळं मान्य करायची गरज नाही. नंबर लहान करायला सुचवणारा माणूसही सल्लाच देत होता. कुणाचा सल्ला घ्यायचा हे ठरवायला आपलं पोस्टर कुणासाठी आहे ते पक्कं माहीत पाहिजे.

आणि चांगलं काम मोठ्या शहरातच होतं असंही नाही. स्वच्छ भारतचं चिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी केलं. २०१४ साली देशभरातून मागवलेल्या चिन्हांतून ते निवडलं गेलं. गांधीजींचा चष्मा, एका काचेत स्वच्छ, दुसरीत भारत. नक्षी नाही, गर्दी नाही. कचऱ्याच्या धावत्या गाडीवरही ओळखू येतं.

त्या मुलीनं पोस्टर परत केलं. पांढरा रंग, शाळेच्या गणवेशातली मुलगी आणि अर्ध्या जागेत काळ्या ठसठशीत आकड्यांत १०९८. छापायच्या आधी तिनं दुकानाच्या दारात प्रिंट लावली, रस्ता ओलांडून पलीकडं गेली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारलं, "काका, काय दिसतं?" पहिल्या पोस्टरइतकं ते देखणं नाही. पण वाचता येतं.

कॉलेजवाल्यांना माझी एकच विनंती आहे. यंदा परीक्षकांना शाल देऊ नका, एक कागद द्या. प्रत्येक पोस्टरवर दोन ओळी लिहून घ्या आणि तो कागद पोरांच्या हातात द्या. ज्याला दोन ओळी लिहायला वेळ नाही, त्याला परीक्षक म्हणून बोलावू नका. मलासुद्धा.