पावसाच्या आकड्यावर हिवताप मोजू नका

पुणे जिल्ह्यात लोणावळ्याला चार हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस शिरूर-दौंडला पोहोचेपर्यंत कसाबसा पाचशेवर येतो. त्यामुळे ‘आमच्याकडे पाऊसच नाही, मलेरिया कुठला?’ असे या भागातले व्यवसायबंधू सहज म्हणून जातात. पण डासाला साचलेले पाणी पुरते, मग ते आभाळातून येवो की कालव्यातून. दौंडला ते खडकवासल्याच्या कालव्यातून येते, शिरूरला चासकमान आणि घोडच्या. आवर्तन सुटले की चाऱ्यांच्या कडेला पाझराची डबकी साचतात. तिथे ॲनोफिलिस क्युलिसिफेशिस वाढतो. पाऊस दडी मारतो तेव्हा दारोदार टँकरच्या पाण्याची पिंपे उघडी उभी राहतात. ती ॲनोफिलिस स्टिफेन्सीच्या पथ्यावर पडतात. म्हणजे दुष्काळातही धोका टळत नाही, फक्त डास बदलतो.

खरी मेख तापमान आणि आर्द्रतेत आहे. २५ अंशांना व्हायव्हॅक्सचा परजीवी डासाच्या अंगात सुमारे १० दिवसांत तयार होतो. २० अंशांना त्याला जवळपास दुप्पट वेळ लागतो आणि १६ अंशांच्या खाली वाढ थांबते. तितके दिवस डास जगला तरच रोग पसरतो. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तो लवकर मरतो. पाऊस ओसरल्यावर मात्र ऊब असते, हवेत ओलही असते. शिवाय डास विसावतो तो गोठ्यात आणि घरात, हवामान केंद्राच्या पेटीत नव्हे. बाहेर पारा उतरला तरी गुरांच्या उबेत त्याचे बरे चालते.

नेमक्या याच सुमारास, दसरा-दिवाळीच्या आगेमागे, ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. फडाशेजारच्या कोपीला दार नाही, मच्छरदाणी नाही. टोळीतल्या एकाच्या रक्तात परजीवी असला तरी स्थानिक डासाला तेवढे पुरते. उलट, माघात थंडी वाजून आलेला ताप इथल्या डासाचाच असेल असे नाही. यकृतात दडलेला व्हायव्हॅक्स महिन्यांनी उठतो. म्हणून तापाच्या रुग्णाला दोन प्रश्न विचारायलाच हवेत: गेल्या वर्षभरात कुठे कुठे कामाला होतात? पूर्वी हिवताप झाला होता का?

औषध सुरू करण्यापूर्वी काचपट्टीवर रक्तनमुना घ्या, निदान जलद चाचणी तरी करा. व्हायव्हॅक्स निघाला तर तीन दिवसांच्या क्लोरोक्विनवर भागत नाही. गर्भवती, तान्ही मुले आणि जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेले रुग्ण वगळून प्रायमाक्विन १४ दिवस द्यावे लागते. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, पाचव्या दिवशी टोळी पुढच्या गावी निघते आणि गोळ्या पिशवीतच राहतात. मुकादमाचा फोन नंबर केसपेपरवर लिहून घ्या, पुढच्या गावच्या आरोग्य केंद्राला कळवा.

२०३० पर्यंत हिवताप हद्दपार करण्याचे देशाचे उद्दिष्ट आहे. कमी रुग्णांच्या तालुक्यात ते गाठणे सोपे वाटते; प्रत्यक्षात तिथेच तपासणी सैल पडते. रुग्ण विरळ असताना प्रत्येक काचपट्टीचे मोल अधिक असते. पाऊस कमी झाला म्हणून ती घेणे थांबवू नका.